क्रीम का फुटतं, आणि इमल्सिफायरला किती घाबरायचं?

तैलबिंदू (धागाकर्ता)

घरी क्रीम-लोशन करणाऱ्यांच्या चर्चेत दोन वाक्यं हमखास येतात. "मेण घातलं की क्रीम बांधलं जातं, वेगळा इमल्सिफायर कशाला?" आणि "इमल्सिफायर त्वचेचं स्वतःचं तेल ओढून नेतात, टाळलेले बरे." पहिलं वाक्य चूक आहे. दुसरं अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याचा उलगडा करायला जास्त लिहावं लागतं, म्हणून हा धागा.

आधी काम काय ते. तेल आणि पाणी जोरात घुसळलं तर तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरतात, पण एकूण पृष्ठभाग प्रचंड वाढलेला असतो. थेंब एकमेकांना भेटतात, एक होतात आणि पुन्हा दोन थर पडतात. इमल्सिफायरच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि शेपूट तेलात बुडते. तो थेंबाच्या काठावर जाऊन बसतो. तिथला ताण कमी झाला की कमी जोरात बारीक थेंब पडतात, आणि थेंबाभोवती पडदा तयार झाला की दोन थेंब टेकले तरी मिसळत नाहीत. ही दोन कामं वेगळी आहेत. ताण कमी करणारा प्रत्येक पदार्थ चांगला पडदा देतोच असं नाही, म्हणून बहुतेक फॉर्म्युल्यांत दोन इमल्सिफायर आणि सोबत सेटिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल (मेणासारखी घट्ट फॅटी अल्कोहोलं) असतं.

पाठ्यपुस्तकातला शब्द पायसीकारक, पण लेबल वाचताना इमल्सिफायरच समोर येणार, तेव्हा इथेही तोच वापरू.

आता मेण. मधमाशीचं मेण हे घट्ट करणारं द्रव्य आहे. त्याच्या रेणूला पाण्याकडचं टोक जवळजवळ नाहीच. जुन्या कोल्ड क्रीममध्ये मेण इमल्सिफायरचं काम करताना दिसतं, कारण त्यात बोरॅक्स (टाकणखार) असतो. मेणातली मोकळी फॅटी आम्लं आणि बोरॅक्स यांचा तिथल्या तिथे साबण होतो आणि तो साबण खरा इमल्सिफायर. प्रमाण मेणाच्या वजनाच्या साधारण ५ ते ६ टक्के बोरॅक्स, म्हणजे १६ ग्रॅम मेणाला १ ग्रॅमच्या आसपास. जास्त झाला तर खडे राहतात, कमी पडला तर पाणी सुटतं. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या ग्रीक वैद्याच्या नावावर जी मूळ कृती सांगतात तिच्यात बोरॅक्स नव्हता, आणि ते मिश्रण त्वचेवर लावताच पाणी सोडायचं. त्या पाण्याच्या वाफेने गार वाटायचं, म्हणून 'कोल्ड'. बोरॅक्स आज प्रजननासाठी घातक द्रव्यांच्या यादीत आहे आणि युरोपीय संघात त्याच्यावर कडक बंधनं आहेत. 'नैसर्गिक, इमल्सिफायर नसलेलं' म्हणून ही कृती सांगणं त्यामुळे दोन्ही बाजूंनी विनोदीच आहे.

---

अर्धविराम

सहमत. झँथन गमही याच गैरसमजात येतो. तो पाणी घट्ट करतो, त्यामुळे थेंब हळू हलतात आणि फुटणं लांबतं. पण थेंबाच्या काठावर तो बसत नाही. ०.२ टक्के झँथनवर उभं केलेलं 'क्रीम' म्हणजे फुटायला उशीर लावलेलं तेल-पाणी.

समोरचं क्रीम 'पाण्यात तेल' आहे की 'तेलात पाणी', हे ओळखायला मल्टिमीटर पुरतो. दोन्ही टोकं क्रीममध्ये खुपसा. बाहेरची बाजू पाण्याची असेल तर वीज वाहते, तेलाची असेल तर जवळजवळ नाही. मल्टिमीटर नसेल तर एक थेंब पाण्यात टाका. पसरून पांढुरकं झालं तर पाण्यात तेल, गोळा तसाच तरंगला तर तेलात पाणी.

---

मंथन

कोणता प्रकार होणार हे घुसळण्यावर किंवा काय जास्त ओतलं यावर फारसं ठरत नाही. बँक्रॉफ्टचा नियम सोपा आहे: इमल्सिफायर ज्यात जास्त विरघळतो ती बाजू बाहेर राहते. म्हणूनच ७० टक्के पाणी असूनही 'तेलात पाणी' क्रीम करता येतं.

हे आकड्यात आणायला ग्रिफिनने १९४९ मध्ये एचएलबी मांडला, म्हणजे इमल्सिफायरच्या पाणीप्रेम आणि तेलप्रेमाचा तोल सांगणारा आकडा. रेणूतला पाणीप्रेमी भाग वजनाने किती टक्के, भागिले ५, म्हणजे आकडा ० ते २० मध्ये. ३ ते ६ तेलात पाणी, ८ ते १६ पाण्यात तेल. सॉर्बिटन स्टिअरेट ४.७, सॉर्बिटन ओलिएट ४.३, ग्लिसरिल मोनोस्टिअरेट ३.८, पॉलिसॉर्बेट-६० चा १४.९, पॉलिसॉर्बेट-८० चा १५, पॉलिसॉर्बेट-२० चा १६.७.

तेलांनाही 'लागणारा एचएलबी' असतो. हिशोब करून दाखवतो. १०० ग्रॅम क्रीममध्ये लिक्विड पॅराफिन १५ ग्रॅम (लागतो ११), आयसोप्रोपिल मिरिस्टेट ५ ग्रॅम (११.५), सेटिल अल्कोहोल २ ग्रॅम (१५).

१५ × ११ = १६५
५ × ११.५ = ५७.५
२ × १५ = ३०
बेरीज २५२.५, भागिले २२ = साधारण ११.५

आता पॉलिसॉर्बेट-६० आणि सॉर्बिटन स्टिअरेटच्या जोडीतून ११.५ काढायचा. (११.५ − ४.७) ÷ (१४.९ − ४.७) = ६.८ ÷ १०.२ = ०.६७. म्हणजे दोन भाग पॉलिसॉर्बेट, एक भाग सॉर्बिटन. एकूण इमल्सिफायर ४.५ ग्रॅम धरला तर ३ ग्रॅम आणि १.५ ग्रॅम.

यावर थांबू नका. तेलांचे आकडे तक्त्यागणिक एखाद्या अंकाने बदलतात. १०.५, ११, ११.५, १२, १२.५ असे पाच छोटे नमुने करायचे, एकाच दिवशी, एकाच ब्लेंडरने, आणि जो सर्वात उशिरा फुटेल तो धरायचा. एचएलबी कुठून शोधायला सुरुवात करायची एवढं सांगतो. किती घालायचा हे तो सांगतच नाही.

---

चौकस

मंथनराव, हिशोब बरोबर आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. एचएलबी नॉन-आयॉनिक (विद्युतभार नसलेल्या), त्यातही इथॉक्सिलेटेड (इथिलीन ऑक्साइडच्या साखळ्या जोडलेल्या) इमल्सिफायरांसाठी जन्मला. लेसिथिन, ग्लुकोसाइड, पॉलिमर, साबण यांच्यावर तो आकडा चिकटवतात तेव्हा बऱ्याचदा नुसता दिखावा असतो. सेटिअरिल ऑलिव्हेट-सॉर्बिटन ऑलिव्हेट किंवा सेटिअरिल ग्लुकोसाइड-सेटिअरिल अल्कोहोल अशा तयार जोड्या पाण्यात द्रव स्फटिकांचे थर उभारतात, आणि तेल कोणतं आहे याचं त्यांना फारसं पडलेलं नसतं. घरी किंवा छोट्या प्रमाणावर करणाऱ्याने तयार इमल्सिफाइंग वॅक्स घ्यावा, तेलकट भागाच्या २० ते २५ टक्के धरावा आणि तक्ते बाजूला ठेवावेत.

फक्त एक लक्षात ठेवा. 'इमल्सिफाइंग वॅक्स' या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू आहेत. अमेरिकी प्रमाणातला म्हणजे सेटिअरिल अल्कोहोल आणि पॉलिसॉर्बेट. ब्रिटिश फार्माकोपियातला म्हणजे सेटोस्टिअरिल अल्कोहोल ९ भाग आणि सोडियम लॉरिल सल्फेट १ भाग. पिशवीवर घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका. धाग्यात पुढे सुरक्षिततेचा विषय निघेल तेव्हा हा फरक लागणार आहे.

साधं, चालणारं प्रमाण, १०० ग्रॅमसाठी (अमेरिकी प्रकारचा वॅक्स):

पाणी ७४.२
ग्लिसरिन ३
झँथन ०.२
डायसोडियम ईडीटीए ०.१
द्रव तेल १५
इमल्सिफाइंग वॅक्स ५
सेटिल अल्कोहोल १.५
फिनॉक्सिइथेनॉल-इथाइलहेक्सिलग्लिसरिन (प्रिझर्व्हेटिव्ह) १

कृती:

झँथन आधी ग्लिसरिनमध्ये कालवा, मग पाण्यात घाला. कोरडा थेट पाण्यात टाकला तर माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात आणि त्या नंतर निघत नाहीत. पाण्याचं भांडं रिकामं आणि भरलेलं, दोन्ही वेळा वजन करून ठेवा.

तेल, वॅक्स आणि सेटिल अल्कोहोल दुसऱ्या भांड्यात. दोन्ही भांडी वॉटर बाथमध्ये ७० ते ७५ °से. पर्यंत न्या आणि २० मिनिटं तिथेच ठेवा. वितळलेलं दिसलं म्हणजे झालं असं नाही, मेणकट पदार्थांचे बारीक स्फटिक वितळायला वेळ घेतात. पाण्याचं वजन पुन्हा करा आणि जेवढं उडालं तेवढं गरम पाणी घाला. ही पायरी वगळली की प्रत्येक बॅच वेगळी घट्ट होते आणि प्रिझर्व्हेटिव्हचं प्रमाणही हलतं.

तेल पाण्यात ओता. स्टिक ब्लेंडरची मुंडी आधी तिरकी बुडवून अडकलेली हवा बाहेर काढा. २०-३० सेकंद चालवा, थांबा, पुन्हा, असं एकूण ३ मिनिटं. पातं पूर्ण बुडायला हवं, त्यामुळे २०० ग्रॅमपेक्षा लहान बॅच रुंद भांड्यात करू नका. उंच, अरुंद बीकर घ्या. बॅटरीवर फिरणारी फेसाची काडी चालत नाही. ती हवा भरते, थेंब तोडत नाही.

मग ब्लेंडर बंद, आणि ४० °से. पर्यंत चमच्याने सावकाश ढवळत राहा. घट्टपणा याच टप्प्यात घडतो. प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंध ४० च्या खाली. शेवटी पीएच मीटरने पाहा, १ भाग क्रीम ९ भाग डिस्टिल्ड पाण्यात ढवळून. लॅक्टिक आम्लाच्या पातळ द्रावणाने ५ ते ५.५ वर आणा. कागदी पट्ट्या तेलकट क्रीममध्ये फसवतात.

---

तैलबिंदू

चौकस, छान. तापमानाबद्दल एक भर. दोन्ही भांडी सारख्या तापमानाला असणं हे 'बरं' नव्हे, अटच आहे. ७२ अंशाच्या तेलात ३० अंशाचं पाणी पडलं की वॅक्स थेंबाच्या काठावर पोचण्याआधी गोठतो. क्रीम दिसायला होतं, दुसऱ्या दिवशी दाणे. आणि उलट, घाईने बर्फात गार केलं तरी दाणे.

शुद्ध सेटिल अल्कोहोलऐवजी सेटिअरिल घेतलं तर दाण्यांचा त्रास कमी होतो. दोन वेगळ्या लांबीच्या साखळ्या एकत्र असल्या की स्फटिक नीट रचले जात नाहीत आणि पाणी धरून ठेवणारा मऊ जेल टिकतो. शुद्ध सेटिलचं क्रीम पहिल्या आठवड्यात रेशमी आणि दोन महिन्यांनी मोत्यासारखं चमकदार, पातळ होऊ लागतं. ती चमक म्हणजे स्फटिक.

---

पानगळ

प्रश्न. क्रीम तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'फुटतं' तेव्हा नेमकं काय झालंय हे कसं ओळखायचं? सगळे "इमल्सिफायर वाढवा" एवढंच सांगतात.

---

मंथन

इमल्सिफायर वाढवणं हे शेवटचं औषध. आधी काय दिसतंय ते बघा.

वर दाट, खाली पातळ, पण हलवलं की पूर्ववत: याला क्रीमिंग म्हणतात. थेंब शाबूत आहेत, फक्त वर तरंगलेत. स्टोक्सच्या नियमाने तरंगण्याचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत असतो. थेंब निम्मा केला तर वेग एक चतुर्थांश. म्हणून उपाय नीट घुसळणं, किंवा पाणी घट्ट करणं (झँथन ०.२ वरून ०.३).

वर स्वच्छ तेलाचे डोळे दिसतात, हलवूनही मिसळत नाहीत: पडदा तुटला. इथे इमल्सिफायर कमी, चुकीचा, किंवा कशाने तरी मारलेला. 'मारलेला' हा प्रकार सर्वात जास्त. विद्युतभार असलेला ऋण इमल्सिफायर (साबण, सोडियम स्टिअरोइल लॅक्टिलेट, 'एसई' प्रकारचा ग्लिसरिल स्टिअरेट) आणि धन (बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट) एकत्र आले की गुठळी. धन इमल्सिफायरसोबत कार्बोमर (पाणी घट्ट करणारा ऋणभारित पॉलिमर) घातला तरी तेच. साबणावर चालणारं क्रीम आम्लात टिकत नाही, कारण पीएच खाली आला की साबणाचं पुन्हा फॅटी आम्ल होतं. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाचं क्रीम करायचं असेल तर स्टिअरेथ-२ आणि स्टिअरेथ-२१ सारखी इथर जोडी घ्या. इथर बंध आम्लात तुटत नाही, एस्टर तुटू शकतो.

क्षार हा दुसरा मारेकरी. सोडियम पीसीए, सोडियम लॅक्टेट, कोरफडीची पावडर. कार्बोमर किंवा अ‍ॅक्रिलेट क्रॉसपॉलिमरवर उभं असलेलं जेल-क्रीम १ टक्का क्षारातही पाण्यासारखं होतं.

खाली स्वच्छ पाणी सुटतं: बहुतेक वेळा तेलकट भाग खूप कमी आणि घट्ट करणारं काहीच नाही.

आणि गार झाल्यावर घातलेलं सुगंधी तेल विसरू नका. १ टक्का इसेन्शियल ऑइल म्हणजे १ टक्का नवीन तेल, ज्याच्यासाठी इमल्सिफायर मोजलेलाच नव्हता. शिवाय ते लहान रेणूंचं असतं आणि थेट पडद्यात घुसतं.

तपासणी: ३००० आरपीएमवर ३० मिनिटं सेंट्रिफ्यूज, मग गोठवणं-वितळवणं किमान तीन फेऱ्या (२४ तास −१० °से., २४ तास खोलीत), आणि एक नमुना ४५ °से. वर १२ आठवडे. पहिल्या दोन चाचण्या आठवडाभरात वाईट फॉर्म्युला पकडतात. चांगला फॉर्म्युला मात्र तिसरीच ठरवते.

---

निशिगंध

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, सुरक्षितता. तैलबिंदूंनी 'अर्धं खरं' म्हटलंय. खरं असलेलं अर्धं सर्वात स्पष्ट दिसतं ते अ‍ॅक्वियस क्रीमच्या बाबतीत.

ब्रिटिश फार्माकोपियातलं हे साधं पांढरं क्रीम कित्येक वर्षं एक्झिमाच्या रुग्णांना, लहान मुलांनाही, मॉइश्चरायझर म्हणून दिलं जायचं. त्यात ३० टक्के इमल्सिफाइंग ऑइंटमेंट, ऑइंटमेंटमध्ये ३० टक्के इमल्सिफाइंग वॅक्स, वॅक्समध्ये १० टक्के सोडियम लॉरिल सल्फेट (एसएलएस). गुणाकार केला तर अंतिम क्रीममध्ये ०.९ टक्के. आकडा क्षुल्लक वाटतो, पण त्वचेची जळजळ मुद्दाम घडवून अभ्यासायची असते तेव्हा संशोधक पट्टीखाली साधारण याच पातळीचा एसएलएस लावतात. २०१० मध्ये बाथ विद्यापीठातल्या अभ्यासात चार आठवडे हे क्रीम लावलेल्या निरोगी त्वचेचा वरचा थर पातळ झालेला आणि पाणी उडण्याचा वेग वाढलेला आढळला. २०१३ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने, एमएचआरएने, याबाबत इशारा दिला: विशेषतः एक्झिमा असलेल्या मुलांमध्ये २० मिनिटांच्या आत जळजळ झाली तर वापर थांबवा.

यातून 'सगळे इमल्सिफायर वाईट' असं निघत नाही. लहान, चपळ, ऋणभारित रेणू प्रथिनांना चिकटतात आणि थरात खोल जातात. स्टिअरेथ-२१, पॉलिग्लिसरिल एस्टर किंवा सेटिअरिल ग्लुकोसाइडचे मोठे, भाररहित रेणू तसं करत नाहीत, किंवा फार कमी करतात. शिवाय ते पाण्यात मोकळे फिरत नसतात, बहुतांश थेंबाच्या काठावर किंवा थरांत अडकलेले असतात.

धुऊन टाकायचं आणि लावून ठेवायचं यात मोठा फरक करायला हवा. फेसवॉशमध्ये १० टक्के क्रियाशील द्रव्य एका मिनिटात निघून जातं. क्रीममधला ३ टक्के इमल्सिफायर आठ तास तिथेच राहतो, पाणी उडून गेल्यावर अधिक दाट होतो, आणि पुढच्या वेळी चेहरा ओला झाला की त्वचेच्या मेदाला पाण्यात मिसळायला मदत करू शकतो. म्हणून 'लागेल तेवढाच' हा नियम स्थिरतेसाठी जितका महत्त्वाचा, तितकाच त्वचेसाठी. फुटण्याच्या भीतीने ५ च्या जागी ९ टक्के घालणं हा उपाय नाही, तो नवा दोष आहे.

---

चौकस

आणि पेगचं (पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं) काय? तिथे सर्वात जास्त आरडाओरडा असतो.

---

निशिगंध

आधी नावं. पेग-काहीतरी, '-एथ' ने संपणारी (सेटिअरेथ-२०, लॉरेथ-७) आणि पॉलिसॉर्बेट, या सगळ्यांत इथिलीन ऑक्साइडच्या साखळ्या जोडलेल्या असतात. सेटिअरेथ-२० मधला २० म्हणजे त्या कड्यांची सरासरी संख्या. पॉलिसॉर्बेटमध्ये मात्र तसं नाही: २०, ४०, ६०, ८० सगळ्यांत कड्या २०च, आकडा फॅटी आम्ल कोणतं ते सांगतो (लॉरिक, पामिटिक, स्टिअरिक, ओलिइक). "८० म्हणजे चारपट पेग" असं लिहिणाऱ्यांना हे माहीत नसतं.

चिंता मुख्यतः उपउत्पादनाची आहे. या प्रक्रियेत थोडं १,४-डायॉक्सेन तयार होतं, जे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गीकरणात २बी, म्हणजे माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेलं. ते निर्वात अवस्थेत उडवून काढता येतं, आणि चांगले उत्पादक काढतात. युरोपीय वैज्ञानिक समितीने २०१५ मध्ये तयार उत्पादनात १० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १० भाग) सुरक्षित मानलं. न्यूयॉर्क राज्याने सौंदर्यप्रसाधनांसाठी १० पीपीएम, आणि शाम्पूसारख्या वैयक्तिक स्वच्छतेच्या उत्पादनांसाठी २०२३ अखेरपासून १ पीपीएम ही मर्यादा घातली. घटक नसून अशुद्धी असल्यामुळे ते लेबलवर दिसत नाही. म्हणजे प्रश्न 'पेग आहे का' हा नाही, 'कच्च्या मालाचं विश्लेषण प्रमाणपत्र मिळतं का आणि त्यात डायॉक्सेन व मोकळं इथिलीन ऑक्साइड मोजलंय का' हा आहे. जो विक्रेता ते देत नाही त्याच्याकडून 'नैसर्गिक' वॅक्ससुद्धा घेऊ नये.

ट्रायइथेनॉलअमाइन-स्टिअरेटच्या जुन्या क्रीम्सनाही हेच लागू. युरोपात लावून ठेवायच्या उत्पादनांत ट्रायअल्कनॉलअमाइन २.५ टक्क्यांपर्यंत, आणि नायट्रोसामाइन तयार करू शकणाऱ्या द्रव्यांसोबत वापरायला मनाई. ब्रोनोपॉल प्रिझर्व्हेटिव्ह आणि ट्रायइथेनॉलअमाइन एका डब्यात नको, हे त्याचं व्यवहारातलं भाषांतर.

---

अर्धविराम

अवांतर नाही, पण बाजूचा मुद्दा: 'पेग नको म्हणून ग्लुकोसाइड' हा बदल अ‍ॅलर्जीच्या बाजूने नेहमीच वरचढ नसतो. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१७ चं 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' म्हणून अल्किल ग्लुकोसाइड्सच निवडले होते, आणि २०२३ चं लॅनोलिन (लोकरीतलं मेण). दोन्ही 'सौम्य, नैसर्गिक' म्हणून विकले जातात. डेसिल ग्लुकोसाइड तर बिसऑक्ट्रिझोल हा सनफिल्टर पाण्यात पसरवण्यासाठी वापरतात, त्यामुळे सनस्क्रीनची अ‍ॅलर्जी प्रत्यक्षात इमल्सिफायरची निघू शकते.

त्वचारोगतज्ज्ञांच्या पॅच टेस्टमध्येही हा घोळ होतो. 'फ्रॅग्रन्स मिक्स १' या सुगंधी द्रव्यांच्या चाचणी-मिश्रणात सॉर्बिटन सेस्किओलिएट हा इमल्सिफायर मिसळलेला असतो. सुगंधाची अ‍ॅलर्जी म्हणून निकाल आला तर सेस्किओलिएटचा वेगळा पॅच बघितल्याशिवाय तो पक्का धरू नये.

हे सगळं असलं तरी प्रमाण कमी आहे. बहुतेकांना काहीच होत नाही. नवीन क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, एक ते दोन आठवडे लावून पाहणं पुरेसं. एकदाच लावून २४ तास बघणं पुरत नाही, अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया त्याहून उशिरा येऊ शकते.

---

पानगळ

पॉलिसॉर्बेट-८० मुळे आतड्याला सूज येते असं वाचलं. त्वचेवर लावलेल्यालाही लागू?

---

निशिगंध

तो २०१५ मधला उंदरांवरचा अभ्यास. पॉलिसॉर्बेट-८० आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज पिण्याच्या पाण्यातून दिलं होतं, आणि परिणाम आतड्यातल्या जिवाणूंमार्फत होता. त्वचेवर लावलेल्या क्रीमवरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. एवढा मोठा रेणू अखंड त्वचेतून फारसा आत जात नाही.

पॉलिसॉर्बेटबद्दल त्वचेच्या संदर्भात विचारायचेच असतील तर दुसरे दोन प्रश्न. एक, मॅलॅसेझिया ही यीस्ट स्वतः फॅटी आम्लं बनवत नाही, बाहेरून घेते. प्रयोगशाळेत तिला वाढवायला माध्यमात ट्वीन, म्हणजे पॉलिसॉर्बेटच घालतात. मॅलॅसेझिया फॉलिक्युलायटिस किंवा हट्टी सेबोरिक डर्मटायटिस असणाऱ्याने फॅटी आम्लांचे एस्टर कमी असलेलं उत्पादन निवडण्यात तथ्य आहे. दोन, उघड्या बाटलीत ते हवेने ऑक्सिडाइझ होतं आणि पेरॉक्साइड, थोडं फॉर्मल्डिहाइड तयार होतं. जुनी, अर्धी भरलेली, उग्र वासाची बाटली वापरू नका. अंधारात, गच्च बंद, शक्य तितकी भरलेली ठेवा.

---

मंथन

सुरक्षिततेत खरं तर सर्वात मोठी गोष्ट अजून आलेली नाही. इमल्सिफायर प्रिझर्व्हेटिव्हला निकामी करतो.

पॅराबेन, फिनॉक्सिइथेनॉल, बेंझोइक आम्ल हे सगळे थोडे तेलप्रेमी आहेत. पॉलिसॉर्बेटसारख्या नॉन-आयॉनिक इमल्सिफायरच्या मायसेलमध्ये (रेणूंच्या पाण्यातल्या बारीक पुंजक्यांत) ते जाऊन बसतात, आणि जंतू तर पाण्यात असतात. लेबलवर १ टक्का, पाण्यात मोकळं त्याहून कितीतरी कमी. इमल्सिफायर दुप्पट करणाऱ्याने प्रिझर्व्हेटिव्ह तेवढंच ठेवलं तर संरक्षण घटतं, डोळ्यांना मात्र क्रीम अधिक सुबक दिसतं. त्यातून सोडियम बेंझोएट असेल तर पीएच ५ च्या खाली असलाच पाहिजे. बेंझोइक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचवर निम्मं आम्ल भाररहित असतं तो आकडा) ४.२ आहे, आणि जंतूंना मारतो तो त्याचा भाररहित भागच. पीएच ६ वर तो दोन टक्क्यांहून कमी उरतो.

लेसिथिनचं क्रीम म्हणूनच अवघड. स्वतः तो उत्तम, त्वचेच्या मेदाशी जुळणारा, पण जंतूंना खाऊ म्हणून आवडतो आणि अनेक प्रिझर्व्हेटिव्हना बांधून ठेवतो. प्रयोगशाळेत जंतू मोजण्याआधी प्रिझर्व्हेटिव्हचा प्रभाव थांबवायला जे द्रावण वापरतात त्यात लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट-८० हेच असतात. आणखी काय सांगायचं.

विकण्यासाठी करत असाल तर चॅलेंज टेस्ट टाळता येत नाही. त्यात ठरावीक जिवाणू, यीस्ट आणि बुरशी मुद्दाम घालून २८ दिवस मोजतात.

---

पानगळ

हे कळल्यावर प्रश्न उलटाच झाला. मग 'इमल्सिफायर-फ्री' लिहिलेली क्रीम्स काय करतात?

---

चौकस

बहुतेक तीनपैकी एक. अ‍ॅक्रिलेट्स/सी१०-३० अल्किल अ‍ॅक्रिलेट क्रॉसपॉलिमर ०.२-०.४ टक्के: हा पॉलिमरी इमल्सिफायरच, पण घटकांच्या यादीत 'घट्टपणा आणणारा' म्हणून खपतो. रेणू फार मोठा असल्यामुळे त्वचेसाठी सौम्य, हे खरं. दुसरा, पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडचं तयार द्रव मिश्रण, जे थंडच ढवळता येतं. त्यात बहुधा लॉरेथ-७ असतोच, म्हणजे दावा सरळ खोटा. शिवाय उरलेल्या अ‍ॅक्रिलअमाइडवर युरोपात अंगावर राहणाऱ्या उत्पादनांसाठी ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो अशी मर्यादा आहे, तेव्हा प्रमाणपत्र मागा. तिसरा, झिंक ऑक्साइड किंवा सिलिकासारखे बारीक कण थेंबाभोवती बसवणं, ज्याला पिकरिंग इमल्शन म्हणतात. हे प्रामाणिकपणे इमल्सिफायरविना आहे, पण घरच्या ब्लेंडरवर जमणारं नाही.

---

अर्धविराम

सनस्क्रीनचा उल्लेख झालाच आहे तर: वॉटर-रेझिस्टन्सही बराचसा इमल्सिफायरवर असतो. पाण्यात तेल प्रकारात सुकलेल्या थरात पाणीप्रेमी इमल्सिफायर उरतो, घाम आला की तोच थर पुन्हा दुधाळ होऊन ओघळतो. तेलात पाणी प्रकारात तसं होत नाही. पण फिल्टर सारखा पसरला की नाही हे डोळ्याने दिसत नाही, म्हणून घरी केलेलं झिंकचं क्रीम सनस्क्रीन समजून वापरू नये.

---

तैलबिंदू

तेलात पाणी प्रकार करणाऱ्यांसाठी तेवढं लिहून ठेवतो, कारण पाण्यात तेलाच्या सवयी तिथे उलट्या पडतात. पॉलिग्लिसरिल-३ डायआयसोस्टिअरेट किंवा पॉलिग्लिसरिल-२ डायपॉलिहायड्रॉक्सिस्टिअरेट ३-५ टक्के, तेलकट भाग एकूण २५-३० टक्के. पाण्यात ०.५ ते १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट हवंच, क्षारामुळे पाण्याचे थेंब टिकतात. तेलात पाणी घालायचं, उलट नाही. पहिला दहावा भाग थेंबाथेंबाने, मग बारीक धारेने, ढवळणं सतत. सगळं पाणी गेल्यावरच जोरात घुसळा. आधीच ब्लेंडर लावला तर ते पलटतं, आणि पलटलेलं इमल्शन सहसा परत येत नाही. एकाच पिशवीतला वॅक्स दोन्ही प्रकारांना चालतो का, असं वर कुणी विचारायच्या आत: नाही चालत.